दीर्घ म्हणजे लांबवलेला नव्हे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुलुंडला बहिणीकडे गेले होते. भाची दुसरीत, मराठी शाळेत. गोष्टी ऐकण्याची तिला मोठी हौस. रात्री जेवणे झाल्यावर मी तिच्या हातात चित्रांचे एक पुस्तक दिले आणि म्हटले, "आज तू मला वाचून दाखव." तिने अक्षराखाली बोट ठेवले आणि सुरुवात केली, "आऽऽ-जीऽऽ-नेऽऽ, पाऽऽ-णीऽऽ, दि-लेऽऽ." एकही अक्षर चुकले नाही. वाक्य संपल्यावर मी विचारले, "आजीनं काय दिलं?" ती गप्प. बोट पुन्हा पहिल्या शब्दावर गेले.

"अगं, बोलताना तू कधी पाऽऽणीऽऽ म्हणतेस का?"

"मावशी, काना नाहीतर दुसरी वेलांटी आली की लांब म्हणायचं. पुस्तकात तसंच लिहिलंय."

पुस्तकात तसे खरोखरच लिहिले होते. हे पुस्तक म्हणजे वाचनाच्या सरावासाठी बाजारात मिळणारी एक पुस्तिका. अशा पुस्तिका आज उपनगरांतल्या कोणत्याही स्टेशनाबाहेरच्या दुकानात मिळतात आणि शाळाही त्या वापरतात, म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले. मी भाषाशास्त्रज्ञ नाही. माझे काम भौतिकशास्त्रातले, ध्वनिलहरींशी संबंधित. पण 'लांब आवाज' हा शब्दप्रयोग पाहिला की 'किती लांब? कशाहून लांब?' असे विचारण्याची आम्हा मंडळींना सवय असते. तेच प्रश्न मी या पुस्तिकेला विचारले.

पुस्तिका काय सांगते?

आधी तिचे गुण सांगते. टाइप मोठा आहे, चित्रे स्वच्छ आहेत, ओळींमध्ये भरपूर जागा आहे. 'दर-दार', 'मळ-माळ', 'कम-काम' अशा जोड्यांचे एक पान तर उत्तम साधले आहे. पण पुस्तिकेचा पाया एका कोष्टकावर उभा आहे. डावीकडे 'छोटे आवाज' : अ, इ, उ. उजवीकडे 'लांब आवाज' : आ, ई, ऊ. वर रबर ताणणाऱ्या मुलाचे चित्र, आणि खाली सूचना : लांब आवाज दोन टाळ्या होईपर्यंत ओढा, छोटा आवाज एका टाळीत तोडा. पुढे सरावासाठी 'दिन-दीन', 'शिर-शीर', 'सुत-सूत' अशा जोड्या दिल्या आहेत.

सात वर्षांच्या किती मुलांना 'सुत' म्हणजे मुलगा हे ठाऊक असेल? घरी, अंगणात, रिक्षात, टीव्हीवर हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नसतो. जो शब्द कानाला माहीत नाही, तो वाचून 'बरोबर आला' हे मुलाला कळणार कसे? पण ही चूक वरवरची आहे. खरी चूक कोष्टकात आहे. तीन जोड्या एकाच मापाने मोजल्या आहेत, आणि मराठीत त्या एका जातीच्या नाहीत.

इंग्रजीतून आलेला 'लाँग' स्वर

हे कोष्टक कोठून आले याचा अंदाज करणे कठीण नाही. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत गल्लोगल्ली 'फोनिक्स'चे वर्ग चालतात. इंग्रजी वाचायला शिकणाऱ्या मुलांना त्यांचा उपयोगही होतो, कारण इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार असतात. 'मॅट' या शब्दाच्या शेवटी 'ई' हे अक्षर जोडले की 'मेट' होते, 'बिट'चे 'बाइट' होते. पहिल्या उच्चाराला तिथे 'शॉर्ट' आणि दुसऱ्याला 'लाँग' म्हणतात. कोणता उच्चार कधी करायचा हे मुलाला शिकावेच लागते.

पण नीट ऐका. 'बाइट'मधला स्वर हा 'बिट'मधला स्वर ताणून मिळत नाही. तो वेगळाच स्वर आहे. मग त्याला 'लाँग' का म्हणायचे? कारण सुमारे सहाशे वर्षांपूर्वी तो खरोखर लांब होता. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांचे उच्चार एकामागून एक सरकले. भाषेच्या इतिहासात याला 'स्वरांचे महास्थित्यंतर' म्हणतात. हे स्थित्यंतर चालू असतानाच, १४७६ मध्ये, कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना काढला आणि पुढे स्पेलिंगे हळूहळू गोठत गेली. उच्चार पुढे गेले, लेखन मागे राहिले, आणि 'लाँग' हे नाव तसेच चिकटून राहिले. ज्या इंग्रजीवरून आपण 'लांब आवाज' उचलला, त्या इंग्रजीतही आज तो लांबीवर ठरत नाही.

शिवाय इंग्रजीची ही अडचण देवनागरीत मुळातच नाही. 'की' हे अक्षर कोणत्याही शब्दात आले तरी 'की'च वाचायचे असते. जे दुखणे आपल्याला नाही, त्याचे औषध आपण मुलांना देत आहोत.

मराठी तोंड काय करते?

आता तिन्ही जोड्या एकेक करून तपासू.

पहिली जोडी, अ आणि आ. 'मन' हा शब्द उच्चारा आणि 'म'मधला 'अ' हवा तेवढा ताणा : मऽऽऽन. कितीही ताणला तरी त्याचा 'मान' होत नाही. उलट 'मान' शक्य तितक्या झटकन म्हणा, तरी तो 'मन' होत नाही. आरशात पाहिले तर कारण दिसेल : 'आ' म्हणताना जबडा खाली येतो, 'अ' म्हणताना तो बराच मिटलेला असतो. 'आ' म्हणजे दुप्पट 'अ' नव्हे. तोंडाचा आकारच वेगळा आहे. हे आपल्या व्याकरणकारांना फार पूर्वी माहीत होते. व्याकरणाच्या सोयीसाठी पाणिनी 'अ' आणि 'आ' यांना एका जातीचे मानतो, पण अष्टाध्यायीच्या अगदी शेवटच्या सूत्रात तो 'अ'चा प्रत्यक्ष उच्चार मिटलेल्या तोंडाचा असल्याची नोंद करून ठेवतो.

काना हा वाचनात जीवनमरणाचा फरक आहे. 'दर' आणि 'दार', 'पट' आणि 'पाट', 'घर' आणि 'घार' हे सर्व वेगवेगळे शब्द आहेत. काना चुकला की अर्थ गेला.

दुसरी जोडी, इ आणि ई (आणि तशीच तिसरी, उ आणि ऊ). 'किती' हा शब्द 'कीऽती' असा ओढून म्हणा. ऐकणाऱ्याला तुम्ही हेल काढताहात असे वाटेल, पण शब्द तोच राहील. बोली मराठीत केवळ इ-ईच्या लांबीमुळे एका शब्दाचा दुसरा शब्द होत नाही. 'दिन-दीन' सारख्या ज्या थोड्या जोड्या दाखवल्या जातात त्या संस्कृतातून आलेल्या आहेत, आणि आपण 'शिक्षकदिन' म्हणताना त्यातला 'दि' 'दीन'सारखाच उच्चारतो. डॉ. अशोक केळकर यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी मराठीच्या ध्वनिव्यवस्थेचा अभ्यास केला, तेव्हा मूळ मराठी स्वर सहाच मानले : अ, आ, इ, उ, ए, ओ. इ आणि ई हे त्यांच्या दृष्टीने एकाच स्वराचे दोन पोशाख.

याचा अर्थ मराठीत इ-उची लांबी बदलत नाही असा नव्हे. बदलते, पण ती शब्दातल्या जागेवरून आपोआप ठरते. 'फूल' म्हणताना 'ऊ' लांब होतो, 'फुलाला' म्हणताना तोच आखूड होतो. 'वीट' लांब, 'विटेवर' आखूड. हे कोणी शिकवावे लागत नाही. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा हे बिनचूक करते, आणि बालवाडीतले मूलही.

जपानी भाषेत याउलट आहे. तिथे 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. स्वर तोच, फक्त ओढला की नाते बदलते. अशा भाषेत लांबी शिकवावीच लागते. मराठीतला इ-ई हा त्या जातीचा फरक नाही.

गंमत अशी की मराठीत खरोखर ओढून म्हणण्याचा एक स्वर आहे आणि त्याचे नाव या पुस्तिकेत कोठेच नाही. 'केळ' आणि 'केळं' हे दोन शब्द म्हणून पाहा. पहिल्यात शेवटचा 'अ' जवळजवळ ऐकूच येत नाही, दुसऱ्यात तो स्पष्ट आणि लांब ऐकू येतो. त्यावरचा बिंदू नाकातल्या उच्चाराचा नाही, तो या लांबलेल्या 'अ'ची खूण आहे. 'केलं', 'झालं', 'फुलं', 'पुस्तकं' हे शब्द मुलांच्या तोंडी दिवसातून शंभरदा येतात. पण वाचताना अनेक मुले 'केलम्', 'फुलम्' असे वाचतात, कारण बिंदू म्हणजे अनुस्वार एवढेच त्यांना सांगितलेले असते. जिथे ओढायला शिकवायचे तिथे आपण शिकवत नाही.

दोन सेकंदांची पाटी

"ओढून वाचल्याने बिघडले काय? हळूहळू वेग येईल," असे कोणी म्हणेल. बिघडते, आणि का बिघडते हे सांगता येते.

ऐकलेले किंवा मनात उच्चारलेले शब्द आपण क्षणभर एका कच्च्या पाटीवर धरून ठेवतो. फोन नंबर लिहून घेईपर्यंत मनात घोळवतो ना, तीच ही पाटी. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवले की या पाटीची लांबी शब्दांच्या संख्येपेक्षा ते म्हणायला लागणाऱ्या वेळावर अवलंबून असते. साधारण दोन सेकंदांत जेवढे म्हणून होते तेवढे टिकते, बाकीचे पुसले जाते.

आता 'घाटकोपर' हा शब्द घ्या. बोलताना तो एका सेकंदाच्या आत संपतो. मुलाने तो 'घाऽऽ-टऽ-कोऽऽ-पऽ-रऽ' असा टाळ्या मोजत वाचला तर चार-पाच सेकंद जातात. 'र' येईपर्यंत 'घा' पाटीवरून पुसलेला असतो. भाचीला अक्षरे येत होती, पण वाक्य आले नाही, ते याच कारणाने. तिची बुद्धी कमी नव्हती. पाटी तेवढीच होती आणि आम्ही तिच्यावर जरुरीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहायला लावत होतो.

'घाटकोपर'मध्ये आणखी एक गोष्ट लपली आहे. 'ट' आणि 'र' यांतला 'अ' आपण म्हणतच नाही. आपण 'घाट्कोपर्' असे म्हणतो. हा 'अ' कोठे गाळायचा हे एकेका अक्षरावरून कळत नाही, संपूर्ण शब्द ओळखीचा वाटला की ते आपोआप होते. मूल आधी अडखळत 'क-म-ळ' म्हणते, मग डोळे चमकतात आणि 'कमळ!' म्हणते. वाचन ज्या क्षणी घडते तो हाच क्षण. अक्षरे ओढून वाचली तर हा क्षण लांबणीवर पडतो, कधीकधी येतच नाही.

अमेरिकेत लाबर्ज आणि सॅम्युअल्स यांनी १९७४ मध्ये मांडलेला विचारही इथे उपयोगी आहे. माणसाचे लक्ष मर्यादित असते. अक्षरे ओळखण्यातच ते खर्च झाले तर अर्थासाठी उरत नाही. अक्षरओळख बिनकष्टाची झाली की लक्ष मोकळे होते. 'दुसरी वेलांटी, म्हणजे दोन टाळ्या' हा हिशेब म्हणजे लक्षावर लावलेला एक नवा कर आहे, आणि त्याच्या बदल्यात मुलाला काहीच मिळत नाही.

आपल्या लिपीतली स्वरचिन्हे मुळातच सावकाश पचतात. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तोंडाने नंतर म्हणावी लागते. 'कु'ची खूण खाली, 'के'ची वर. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की अक्षरे आत्मसात होण्याची प्रक्रिया प्राथमिक शाळेची कितीतरी वर्षे चालू राहते. पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे मराठी आणि कन्नड शिकणाऱ्या मुलांचा तीन वर्षे मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास झाला, त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. त्यातही स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे हीच अवघड जागा ठरली. आधीच चढण असलेल्या वाटेवर आपण दगड तरी टाकू नयेत.

करून पाहा

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. हा प्रयोग शाळेत करता येतो, आणि आठवी-नववीची मुले तो आनंदाने करतील.

मोबाईलवर आवाज मुद्रित करा. 'फूल', 'फुलाला', 'फुलं', 'मन', 'मान' हे शब्द एकेकदा स्वतंत्रपणे म्हणा, मग छोट्या वाक्यांत म्हणा. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेली 'प्राट' ही आज्ञावली संगणकावर फुकट उतरवता येते. तिच्यात ध्वनीची लहर पडद्यावर दिसते आणि स्वराचा भाग निवडून त्याची लांबी मोजता येते. नेहमीच्या बोलण्यात एक स्वर ढोबळमानाने सेकंदाच्या विसाव्या ते पाचव्या भागाएवढा असतो. म्हणजे 'दोन टाळ्या' हे माप स्वराला कित्येक पटींनी मोठे आहे.

तीन गोष्टी पाहा. एक, 'फूल'मधला ऊ आणि 'फुलाला'मधला उ यांच्या लांबीत फरक येतो का? दोन, ज्या मुलाला अजून वाचता येत नाही त्याने हेच शब्द चित्र पाहून म्हटले तर त्याच्याही आवाजात तो फरक येतो का? तीन, घाईने म्हटलेल्या वाक्यातला दीर्घ ऊ आणि सावकाश म्हटलेल्या शब्दातला ऱ्हस्व उ यांत लांब कोणता? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले तर ही लांबी पुस्तकातून येत नाही, बोलण्यातून येते हे सिद्ध होईल. तिसऱ्या प्रश्नातून मुलांना कळेल की 'लांब' हे माप नेहमी सापेक्ष असते, टाळ्यांनी ठरत नाही.

मग शुद्धलेखनाचे काय?

मी भाचीच्या बाईंना भेटले. त्या मनापासून शिकवणाऱ्या आहेत. त्यांचा मुद्दा सरळ होता : "मॅडम, आत्ता ओढून म्हणवून घेतलं नाही तर चौथीत सगळी मुलं ऱ्हस्व-दीर्घ चुकवतात. मग आम्हालाच विचारतात."

ही चिंता खरी आहे, पण उपाय चुकीच्या ठिकाणी लावला आहे. ओढून म्हटल्याने ऱ्हस्व-दीर्घ येणार नाही, कारण ते उच्चारावरून नव्हे, नियमावरून ठरते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्यांतले तीनचार नियम मुलांच्या रोजच्या बहुतेक मराठी शब्दांना पुरतात. शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ : पाटी, जादू. शेवटी 'अ' असलेल्या शब्दात त्याच्या आधीचा इ-उ दीर्घ : गरीब, सून. शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर आधीचा इ-उ ऱ्हस्व : किडा, सुरी. आणि प्रत्यय लागला की दीर्घाचा ऱ्हस्व : गरिबाला, सुनेला.

हे नियम मराठी माणसाच्या तोंडाचीच नोंद आहेत. 'फूल' लांब आणि 'फुलाला' आखूड हे आपण वर ऐकलेच. अडचण फक्त संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत होते, कारण तिथे मूळ लेखन पाळायचे असते : गुण, विष, मधुर, मंदिर. म्हणून मुले हमखास 'मंदीर' लिहितात, आणि पाट्या रंगवणारेही. ही चूक कानाने केलेली नाही. मराठी कानाने 'मंदीर'च ऐकले आणि 'गरीब'च्या नियमाने लिहिले. अशा मुलाला 'नीट ऐक' असे सांगणे अन्यायाचे आहे. त्याने नीट ऐकले म्हणूनच ते चुकले! त्याला सांगायला हवे की हा शब्द संस्कृतातून आला आहे, तो असाच लक्षात ठेवायचा.

उपनगरातल्या पाट्यांवर पाहा. 'बोरिवली' आणि 'बोरीवली', 'भांडुप' आणि 'भांडूप' दोन्ही लिहिलेले सापडेल. लेखनात एकवाक्यता हवी हे मला मान्य आहे. पण वेलांटी बदलली म्हणून वाचणारा अडत नाही. काना बदलला तर मात्र तो दुसऱ्याच गावाला जाईल. लेखनाची शिस्त आणि वाचनाचा ओघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा बळी देऊन पहिली मिळत नाही.

घाटकोपरच्या वर्गात

उपनगरांतल्या शिक्षकांसाठी आणखी एक मुद्दा. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात, आणि मराठी शाळेतही घरी वेगळी भाषा बोलणारी मुले असतात. हिंदीत इ-ईचा फरक खरोखर ऐकू येतो आणि त्याने अर्थ बदलतो : 'पिता' म्हणजे वडील, 'पीता' म्हणजे पितो. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाला 'छोटा आवाज, लांब आवाज' लगेच उमगेल. शेजारी बसलेल्या मराठी किंवा गुजराती मुलाला उमगणार नाही, कारण गुजरातीतही हा फरक बोलण्यातून गेलेला आहे. तिथे तर १९९९ मध्ये उंझा येथे जमलेल्या मंडळींनी एकच इ आणि एकच उ लिहावा असा ठराव केला. तो सर्वमान्य झाला नाही, पण दुखणे आपल्यासारखेच आहे हे त्यातून दिसते. तेव्हा एक मूल 'हुशार' आणि दुसरे 'कच्चे' ठरवण्याआधी त्यांच्या घरची भाषा विचारावी.

आता तर वाचनाचा वेगही मोजला जातो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत असे लक्ष्य आहे. टाळ्या मोजत वाचणारे मूल या लक्ष्याच्या जवळपासही पोहोचणार नाही, आणि 'मागे पडलेले' म्हणून त्याची नोंद होईल. आपणच शिकवलेल्या सवयीची शिक्षा त्याला मिळेल.

मग शिकवायचे कसे?

१. काना अगदी सुरुवातीला आणा. क, म, न, प, र एवढी पाच अक्षरे आणि काना मिळून काम, नाक, कान, पान, मान, मामा, काका, नाना असे ओळखीचे शब्द पहिल्या काही दिवसांत वाचता येतात. संपूर्ण मूळाक्षरे संपेपर्यंत थांबू नका. 'ओढ' म्हणू नका, 'तोंड उघड' म्हणा.

२. दोन्ही वेलांट्या वाचनापुरत्या एकाच आवाजाच्या दोन खुणा म्हणून शिकवा. दुसरी वेलांटी आधी घ्यावी. ती अक्षराच्या नंतर येते, आणि ताई, गाडी, भाजी, पाणी हे शब्द मुलांच्या जवळचे असतात. उकारांचेही तसेच.

३. बाराखडी (आता ॲ आणि ऑ यांच्यासह चौदाखडी) भिंतीवर असू द्या. अडले की शोधण्याचे ते कोष्टक आहे. सुरात म्हणण्याला वाचन समजू नका.

४. मूल अडखळत वाचत असेल तर अक्षर सुधारण्याआधी विचारा, "असा शब्द तू ऐकलायस का?" शब्द शोधण्याची सवय त्यातूनच लागते.

५. 'केळ-केळं', 'फूल-फुलं' यांसाठी एक तास जरूर द्या. इथे मात्र ओढायला सांगा.

६. ऱ्हस्व-दीर्घाचे लेखन तिसरी-चौथीत शब्दांचे गट पाडून शिकवा. 'फूल-फुलाला, वीट-विटेला, सून-सुनेला' अशी यादी फळ्यावर लिहिली की नियम मुलेच सांगतात. संस्कृत शब्दांची वेगळी यादी ठेवा.

७. प्रकट वाचन तपासताना काना चुकला तर चूक धरा. वेलांटीची लांबी चूक धरू नका.

वृत्तातली कविता म्हणताना मात्र लघु-गुरूचा हिशेब खरा असतो. तिथे लांबीला अर्थ आहे, ताल आहे आणि मजाही आहे. टाळ्या वाजवायच्या असतील तर त्या तासाला वाजवाव्यात.

भाचीची सरावपुस्तिका आम्ही कपाटात ठेवली. सुट्टीतल्या उरलेल्या दिवसांत आम्ही लोकलने फिरलो आणि स्टेशनांच्या पाट्या वाचल्या. नाहूर, कांजूरमार्ग, विक्रोळी. "वि... क्रो... विक्रोळी!" असे ती ओरडली तेव्हा समोरच्या बाकावरच्या बायका हसल्या. तिने वेलांटी ओढली की नाही, हे मी पाहिलेच नाही. बाईंनीही वर्गात महिनाभर टाळ्या बंद ठेवून पाहण्याचे कबूल केले आहे. तुम्हीही पाहा, वर दिलेला प्रयोग करा आणि काय आढळले ते जरूर कळवा. माझे म्हणणे चुकीचे ठरले तरी चालेल. पण वाक्य वाचून संपल्यावर 'आजीनं काय दिलं?' हा प्रश्न प्रत्येक मुलाला विचारायला विसरू नका.